शून्य धाग्यांचा पट्टा

“मावशी, ते शून्य नको म्हणून सांगितलंय मी शंकरला,” मालक बशीत चहा ओतता ओतता म्हणाले. खाली शंकरनं वार्पिंग सुरूही केलं होतं. वार्पिंग म्हणजे चादरीचे उभे धागे रंगाच्या क्रमानं गुंडाळून बीम, म्हणजे मागावर चढवायचा रूळ, तयार करणं.

मी कारखान्यात डिझाइन करते. कॉम्प्युटर पन्नाशीनंतर, याला त्याला विचारत शिकले. या चादरीला रुंद होत जाणारे पट्टे हवे होते, एक लाल, एक पांढरा. मी फिबोनाचीचे आकडे घेतले. मागचे दोन मिळवले की पुढचा येतो. तेही मी मिळवत बसले नाही हो! प्रोग्रामच्या लायब्ररीत कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं फंक्शन असतं. त्याच्याकडे दहा आकडे मागितले. त्यानं दिले: शून्य, एक, एक, दोन, तीन, पाच, असे चौतीसपर्यंत. हाच क्रम चादरभर पुन्हा पुन्हा येणार होता. म्हणजे पहिला लाल पट्टा शून्य धाग्यांचा, नसल्यातच जमा. राहू दिला, कारण रंग आलटून पालटून आपोआप पडत होते.

मालकांचं घराणं दुधनीचं, धान्याच्या अडतीचं. तिथं पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणतात.

“नव्या बीमची सुरुवात शून्यानं करायची व्हय?”

“अहो, त्या शून्याची ओळच गाळली असेल तर सगळे रंग उलटे पडतील! पांढऱ्याच्या जागी लाल!”

मालकांनी बशी खाली ठेवली. लाल सूत रंगवणीच्या एकाच लॉटचं, तेवढंच होतं. दुसऱ्या लॉटला तीच छटा येत नाही, आणि ऑर्डर देणारी पार्टी छटेवर अडून बसलेली. बीम गेला तर ऑर्डर गेली, अन् माझा कॉम्प्युटरही. परत ग्राफ पेपरवर हातानं डिझाइन.

जिना कसा उतरले, ठाऊक नाही. ड्रम गरगर फिरत होता.

“शंकर, बंद कर!”

आमच्या वार्परनं मशीन थांबवलं. “काय झालं वो मावशी? लई घाबरलाय की!”

“शून्याचं काय केलंस?” ड्रमकडे बघायचं धाडस होईना.

“मालकास्नी शून्य नको. म्हणलं, लाभ धरावा. एक लाल धागा धरला तितं. बाकी तुमचंच हाय.”

मी ड्रमजवळ जाऊन पाहिलं. जिथं क्रम नव्यानं सुरू होतो तिथं पांढऱ्यात एकेक लाल रेघ आली होती, एवढंच.

“मालक, तुमचा लाभ उपटावा लागतोय,” मी मागोमाग खाली आलेल्या मालकांना म्हटलं.

“उपट बाबा शंकर. पण हळू.”

मागाच्या फणीत धागे भरताना शंकरनं ते जादा लाल धागे बाहेर सोडले. चादरी पार्टीला पसंत पडल्या.

जादा धागा काढता येतो, उलटा पडलेला रंग नाही. आता मी शून्य वगळून पांढऱ्यापासूनच क्रम देते. कॉम्प्युटरला शून्य चालतं, पण बीम माणसं भरतात.