गिटारवाला गायला आणि काकूंची मोटर बंद

मंडळी, यंदा पाऊस नाही, शेजारी नव्या बिल्डिंगा उठतच आहेत, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. ते भरताना मी माझ्या लाडक्या जॅझ गिटारवाल्याचा जुना अल्बम मोठ्यानं लावतो. त्यात सगळी नुसती गिटार, फक्त शेवटचं गाणं तो स्वतः गातो.

आज हौसेनं औरंगपुऱ्यातून आणलेला त्याचा नवा अल्बम लावला. यात पठ्ठ्या पहिल्यापासूनच गातोय!

नळ गेल्यावर खालच्या काकू धापा टाकत वर आल्या. "अरे, तो गायला लागला की माझी टाकी भरलेली असते. म्हणून लगेच मोटर बंद केली. अर्धीबी नाय भरली!"

हसत हसत आमच्या टाकीतून पाइप खाली सोडला.

"गातो लई गोड," काकू म्हणाल्या, "पण पाण्याच्या दिवशी जुनंच लाव."

म्हणजे बाकीचे सहा दिवस नवा लावायची परवानगी मिळाली ना, मंडळी?