कुणालाच नको असलेली बाग

इंग्लंडात, बेसिंगस्टोकमधल्या माझ्या ऑफिसपासून गाडीने अर्ध्या तासावर आमची वसाहत आहे. पूर्वी तिथे गव्हाची शेतं होती, आता एकसारखी विटांची घरं आहेत. घर घेताना बिल्डरच्या माणसाने नकाशावरचा हिरवा तुकडा बोट ठेवून दाखवला होता. इथे बाग होणार, झोपाळे, चालायला वाट, बसायला बाकडी. तो खोटं बोलला नाही. बाग झाली, गवतही उगवलं, आणि मग भोवती लोखंडी जाळीचं तात्पुरतं कुंपण उभं राहिलं. ते दोन वर्षं हललं नाही.

कारण सांगतानाही मला दमायला होतं. घरं बांधायची परवानगी देताना कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, अट घातली होती, की बिल्डरने बाग करून कौन्सिलच्या ताब्यात द्यायची आणि पुढच्या देखभालीचे पैसेही भरायचे. आता बिल्डर म्हणत होता, खर्च वाढलेत, एवढे पैसे झेपत नाहीत. कौन्सिल म्हणत होती, पूर्ण पैसे आल्याशिवाय आणि पाणी तुंबणारी वाट दुरुस्त झाल्याशिवाय आम्ही बाग घेणार नाही. तोवर कुणी पडलं-झडलं तर आपल्यावर यायचं, म्हणून बिल्डरने कुलूप घातलं. पुण्यात आमच्या वॉर्डात बागेच्या फलकावर कुणाचं नाव आधी, यावरून दोन पुढारी हातघाईवर आले होते. इथे दोघंही आपलं नाव नको म्हणून भांडत होते, आणि तेसुद्धा ईमेलवर.

माझी आई दर उन्हाळ्यात येते. पहिले पंधरा दिवस नातीच्या कौतुकात जातात. मग आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि आई स्वयंपाकघराच्या खिडकीत. लेकीच्या घरी फार दिवस राहणं तिला तसंही प्रशस्त वाटत नाही. जावई कितीही चांगला असला तरी त्याच्यासमोर ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसणार नाही. पुण्यात तिचा बायकांचा कट्टा आहे. रोज संध्याकाळी सोसायटीच्या बागेत त्या गुडघ्यांपासून सुनांपर्यंत सगळ्यांची वास्तपुस्त करतात. इथल्या बागेवर तिची फार भिस्त होती. पहिल्या वर्षी परत जाताना एअरपोर्टवर ती म्हणाली, "बाग उघडली तर पुढच्या वर्षी येते. इतक्या लांब येऊन खिडकीतच बसायचं, तर माझी तिथली खिडकी काय वाईट आहे?" हसत म्हणाली, पण मी तिला ओळखते.

मग मी कंबर कसली. रहिवाशांच्या वतीने कौन्सिलला आणि बिल्डरला लिहिण्याचं काम अंगावर घेतलं. कौन्सिलचा अधिकारी सज्जन होता, बिल्डरकडची बाई त्याहून सज्जन. दोघांनाही आमची अडचण 'कंप्लीटली' समजत होती. दोघंही आमच्याच बाजूचे असल्यावर भांडायचं कुणाशी? जूनपर्यंत उघडेल असं मला सांगितलं गेलं, मी ते आईला सांगितलं, आणि ती आली. कुलूप तिथेच होतं.

पण या खेपेला ती खिडकीत बसली नाही. सकाळी जाळीपर्यंत चालत जायची आणि जाळीला धरून आतल्या बाकड्यांकडे बघत उभी राहायची. तिथे कुत्र्याला फिरवणारे एक इंग्रज आजोबा यायचे, समोरच्या घरातल्या तमिळ आजी यायच्या. तिघांची मिळून एक धड भाषा नव्हती. माझी मुलगी शाळेतून आली की विचारायची, "आजी, तो बाग उघडला?" आई म्हणायची, "उद्या."

एकदा मी म्हणाले की अधिकारी आणि बिल्डरची बाई दोघं मिळून ती पाणी तुंबणारी वाट तपासायला येणार आहेत. त्या सकाळी मी खाली आले तर कढईभर पोहे आणि शिरा तयार.

"आई, ते साईट व्हिजिटला येतायत. आपल्याकडे नाही."

"दारापर्यंत येतायत ना? एका पंगतीला बसले की निम्मं भांडण मिटतं. तुझ्या आजोबांनी बांधाची किती भांडणं अशी मिटवलीत."

ती चांगली साडी नेसून, वरून माझं फ्लीसचं जाकीट चढवून त्यांना बोलवायला गेली. अधिकारी लाल झाला. प्रकरण चालू असताना मला कुणाकडेही खाता येत नाही, तो म्हणाला, आणि दुसऱ्या पक्षासोबत बसून तर नाहीच. बाईने हातातली पाण्याची बाटली दाखवली. नियम बरोबरच आहे. पुण्यात कुणी तो पाळला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं. पण आईचा चेहरा मला बघवला नाही.

"भांडण असलं तरी माणसं चहा घेतात गं," ती घरात येऊन म्हणाली. "यांचं धड भांडणही नाही आणि चहाही नाही. मिटणार कसं?"

मग ती कढई घेऊन जाळीपाशी गेली. आजोबांनी दोनदा मागून पोहे खाल्ले. तमिळ आजी घरून कॉफीचा थर्मास घेऊन आल्या. पुढे रोजच कुणी ना कुणी काहीतरी आणू लागलं. मी मात्र ईमेल लिहीत होते.

तंटा मिटला तो असा की दोघांनीही हात झटकले आणि बाग आमच्या गळ्यात पडली. देखभालीला एक कंपनी नेमायची आणि तिचे पैसे दर वर्षी आम्ही रहिवाशांनी भरायचे. शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. विरोध करायचं त्राण कुणातच नव्हतं, मीही हात वर केला.

गेल्या उन्हाळ्यात जाळी निघाली. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून आईला घेऊन गेले. फाटकावर कंपनीचा नवा फलक होता, कुत्र्यांना मनाई. आजोबा आता मागच्या शेताकडे जातात. तमिळ आजींच्या मुलाला ब्रिस्टलला नोकरी लागली, त्या त्याच्याबरोबर गेल्या. आम्ही बाकड्यावर बसलो. आईने बाकड्यावरून हात फिरवला, झोपाळ्यांकडे पाहिलं.

"छान केलीय," ती म्हणाली.

बराच वेळ आम्ही बसून होतो. कुणी आलं नाही.

"पुढच्या वर्षी तूच ये तिकडे," ती म्हणाली. "मला आता नको एवढा प्रवास."

ती शेजारीच बसलेली असताना मला पोरकं वाटलं. बाग बंद होती तोवर 'पुढच्या वर्षी नक्की उघडेल, तू ये' एवढं तरी मला म्हणता येत होतं.