चेंडूवरची लाख

क्रिकेटच्या खेळात चेंडू खरवडण्यास, त्याची शिवण उचकटण्यास व त्यास तेलमेण चोपडण्यास उघड परवानगी असावी, असे मत हल्ली कचेरीच्या आवारात पान खात उभे राहणारी शिकलेली मंडळी देऊ लागली आहेत. हे मत कानी पडले म्हणजे माझ्या तोंडाची चव जाते. माझे स्वतःचे शिक्षण मराठी सहा यत्ता व इंग्रजी दोन बुके एवढेच झाले. तथापि वाशीमकडच्या एका कचेरीसमोर निंबाच्या पारावर बसून मी आज बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे, आणि लबाडी कागदावर असो की कातड्यावर, तिचा वास मला येतो. शिवाय या बाबतीत मी ऐकीव बोलत नाही. मी पंच होतो.

कापसाचा हंगाम सरला म्हणजे कचेरी विरुद्ध जिन, म्हणजे कापसाची सरकी काढण्याचा कारखाना, असा एक सामना दरसाल होत असे. जिनाच्या मागे कापसाच्या गाड्या सोडण्याची मोकळी जागा होती. तेथे चाकोऱ्या बुजवून काथ्याची चटई अंथरीत व चारी बाजूंनी खिळे ठोकीत. चेंडू बाहेरगावाहून टपालाने येई आणि तो एकच असे. खेळाच्या नियमांचे इंग्रजी पुस्तक तहसीलदारसाहेबांजवळ होते. त्यांनी तोंडी सांगितलेला मराठी तर्जुमा मी सुवाच्य अक्षरात उतरून घेतला होता, त्यामुळे पंचाचे काम माझ्याकडे येणे हे ओघानेच आले.

कचेरीच्या बाजूने चेंडू टाकणारा खरा माणूस एकच होता. तो किन्हीराजा गावचा एक शेतकरी, कचेरीत तीन वर्षे हंगामी चपराशी म्हणून लागलेला. हात लांब, बोलणे कमी. त्याच महिन्यात त्याच्या कायम नेमणुकीच्या कागदावर साहेबांची सही व्हावयाची होती, आणि त्या भरवशावर त्याने आपल्या बायकोला गावाहून आणून खोली घेतली होती. चपराशांवर हुकमत नाझर या कचेरीतल्या अंमलदाराची. हा नाझर खेळात त्याच्या उजव्या हाताला उभा राहत असे आणि प्रत्येक वेळी चेंडू त्याच्या हातून चपराशाकडे जाई.

त्या दिवशी जिनाचे तीन गडी पटापट बाद झाले. त्यानंतरचा चेंडू चटईवर आपटून असा काही उसळला की जिनाच्या फिटरच्या तोंडावर बसला आणि त्याचे पुढचे दोन दात चटईवर पडले. लोक धावले. मी माझ्या जागी उभा होतो, आणि नाझराच्या कोटाच्या खिशातून निघालेला हात मी पाहिला. त्या हातात कचेरीचा चाकू होता. शाई खरवडण्यासाठी प्रत्येक मेजावर असतो तोच तो, हस्तिदंती मुठीचा. फिटर रक्त थुंकत होता आणि हा गृहस्थ पाठ फिरवून चेंडूच्या शिवणीखाली पाते घालीत होता. म्हणजे हे काम त्याने पहिल्यांदा केले नव्हते व तो थांबणारही नव्हता. आजही हे लिहिताना मला त्या चाकूची किळस येते.

मी बोललो नाही. भर मैदानात एका अंमलदारावर आरोप करणे रीतीला सोडून आहे, योग्य वेळी लेखी कळवावे, असा मी विचार केला. अर्ज लिहिण्याचा माझा परवाना दरसाल ज्या मेजावरून नवा होऊन येई, ते मेज नाझराचे होते, हेही मला त्या क्षणी आठवले, ते लपवीत नाही.

सामना कचेरीने जिंकला. जिनाचे मॅनेजर चेंडू पाहू लागले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. शिवण एका बाजूने कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी होती. "तुमच्या चपराशाने नखांनी हे केले आहे," असे ते साहेबांना म्हणाले. साहेब मनुष्य सचोटीचे, पण रागीट. जो खेळात हातचलाखी करतो त्याच्या हाती सरकारी समन्स देता येणार नाही, असे त्यांनी तेथेच सांगितले व चपराशाकडून आठ दिवसांत लेखी जबाब मागितला. चेंडू पंच या नात्याने माझ्या स्वाधीन केला.

दुसऱ्या दिवशी नाझर पाराजवळून जाता जाता थांबला.

"काय मुन्शीजी, चेंडू सांभाळून ठेवला ना? अंडं उबवून राह्यले का काय?"

मी म्हणालो, "फिटरचे दात गेले आहेत."

"दात म्हाताऱ्याचेही जातात. आता मी सांगतो, आयका. चेंडू धोतरावर घासला त चालते. मंग चाकूनंच काहून चालू नये? उद्या नियमच करून टाका, की ज्याले जे कराचं थे करा. दोन्ही पार्ट्या करतीन. झगडा मिटला."

या युक्तिवादाचा मला जितका तिटकारा आहे तितका चोरीचाही नाही. कारण चोर निदान आपण साव आहोत असे म्हणत नाही. मी त्याला माझ्या धंद्यातले उत्तर दिले. अर्जात चूक झाली तर ती आडव्या रेघेने खोडून समासात सही करता येते. ती सर्वांना दिसते, वाचणाऱ्याला खालचे अक्षरही दिसते. धोतरावर चेंडू घासणे हे असे आहे. शंभर माणसांच्या देखत होते. पण चाकूने अक्षर खरवडून त्या जागी दुसरे लिहिणे म्हणजे बनावट दस्त. उद्या सरकारने तशी मुभा दिली तर दस्तऐवज राहणारच नाहीत, नुसते कागद राहतील.

"लय मोठे वकील झाले तुमी," नाझर हसला. "परवान्याचा महिना जवळ आला म्हणते." आणि तो चालू लागला.

संध्याकाळी चपराशी आला. पाराखाली उकिडवा बसला आणि दोन्ही हात उलटे करून माझ्यापुढे धरले.

"पाहा मुन्शीजी. नखं कुठी हायेत? मी त घरी गवत कापतो, भांडे घासतो. मले एक जबाब लिहून द्या. घरची म्हणते, सामान बांधू का सोडू?"

"तुला कोणावर संशय आहे?"

"मले चेंडू जसा हाती आला तसा मी टाकला. खाली पाह्यलं नाही. तुमी त तिथंच उभे होते. तुमाले काई दिसलं का?"

मी त्याला सांगितले की ते सर्व माझ्यावर सोपव.

तो जबाब मी तीन दिवस लिहिला. माझ्या हातून तसे लिखाण पुन्हा झाले नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. मुद्दा पक्का होता: नख दोरा ओढते, तोडत नाही, या चेंडूच्या शिवणीलगत कातड्यावर सरळ, बारीक काप आहेत व दोरे स्वच्छ तुटलेले आहेत, अर्जदाराजवळ चाकू नाही. नाझराचे नाव मी कोठे घेतले नाही. मी काय पाहिले, तेही लिहिले नाही. पुरावाच बोलका असता पंचाने आपले तोंड मध्ये घालण्याचे कारण नाही, असे मी मनाशी ठरविले होते.

आणि हा पुरावा सुनावणीपर्यंत जसाच्या तसा राहावा, त्यात कोणी आणखी हात घालू नये, म्हणून मी माझ्या धंद्याला शोभेल ते केले. पुरावा म्हणजे मोहोरबंद, हे डोक्यात पक्के. चेंडू मांजरपाटात गुंडाळून वर लाख लावली असती तरी भागले असते. पण कापड सोडून पुन्हा शिवता येते, असा मला संशय आला. म्हणून मी दिव्यावर लाख पातळ केली, ती शिवणीच्या नेमक्या त्या कापलेल्या जागी टोकापासून टोकापर्यंत ओतली आणि तीवर माझी पितळी मोहोर तीन वेळा दाबली. ते काम पाहून मला समाधान वाटले होते.

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी जबाब मोठ्याने वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज चढला, मान डोलली. चपराशी दाराशी उभा राहून माझ्याकडे पाहत होता. साहेब म्हणाले, "काप दाखवा."

लाख निघेना. साहेबांनी मेजावरचा चाकू घेतला, तोच हस्तिदंती मुठीचा, आणि पाते खाली घालून लाख उचलली. तिच्याबरोबर कातड्याचा वरचा पापुद्रा सोलून आला, लाखेच्या आचेने काळे पडलेले दोरे तुटले, आणि खाली नुसती खरबरीत जखम राहिली. काप नव्हते. नखाचीही खूण नव्हती.

"या चेंडूले आतापावतर ज्यानं सगळ्यात जास्त काई केलं, थे मुन्शीजीच दिसून राह्यले," नाझर म्हणाला. कारकून हसले.

तेव्हा मात्र मी उठलो. मी म्हणालो, "साहेब, मी प्रत्यक्ष पाहिले आहे. चाकू नाझरांच्या हातात होता."

नाझराने मान वर केली नाही. "मंग जबाबात काहून नाही लिहिलं?"

पारावर येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला मी बावीस वर्षे एकच गोष्ट बजावीत आलो आहे, की जे अर्जात नाही ते कचेरीच्या दृष्टीने घडलेच नाही. साहेबांनी तीच गोष्ट मला माझ्याहून सौम्य शब्दांत सांगितली. कायम नेमणुकीचा कागद बाजूला ठेवला गेला, आणि आठवड्याने चपराशाच्या जागी रिठद गावचा दुसरा मनुष्य रुजू झाला.

माझा परवाना मात्र त्या साली वेळेवर नवा होऊन आला. तो हातात घेताना जी किळस वाटली, ती नाझराच्या चाकूची नव्हती.

पुढच्या सामन्याआधी नाझराने कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. दोन्ही पक्षांनी चेंडूस हवे ते करावे, तक्रार चालणार नाही, असा करार लिहावयाचा होता. जिनवाल्यांनीही मान डोलावली होती. "तुमच्यावाणी बेस कोणी लिहीत नाही," तो म्हणाला. मी तो कागद घेतला आणि त्यावर दुसरेच लिहिले: मी, खाली सही करणार, पंच असता नाझराच्या हातात चाकू पाहिला, व भीतीने गप्प राहिलो. करार त्याने दुसऱ्याकडून लिहून घेतला.

माझा कागद आणि त्याच्या नेमणुकीच्या फेरविचाराचा अर्ज घेऊन मी किन्हीराजाला गेलो. चपराशी खळ्यावर ज्वारीची कणसे पसरीत होता. मी त्याला पारावर बसून नव्हे, उभ्यानेच सगळे वाचून दाखविले आणि फेरअर्जावर सही करण्यास सांगितले.

त्याने हातातले कणीस खाली ठेवले.

"लय चांगलं लिहिलं, मुन्शीजी. थो जबाबही लय चांगला होता."

"मग सही कर."

"आता कायले? जागा भरली. रिठदवाल्याले लेकरं हायेत." त्याने कणीस पुन्हा उचलले. "त्या दिसी तुमी पंच होते. तिथंच हात वर करून सांगतलं असतं, त भागत होतं. लिवाचं कामच नव्हतं."

त्याची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यालो, कागदाची घडी केली आणि वाशीमच्या वाटेला लागलो.