पत्रिकेवरचं पऱ्हाटीचं फूल

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. कपडे, हॉल, जेवण सगळं तिने आईवर सोपवलं होतं. मला म्हणाली, "बाबा, पत्रिकेवर आपल्या वावरातलं पऱ्हाटीचं फूल पाह्यजे. तुम्ही काढलेलं."

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशी, आणि वावर म्हणजे शेत. मी शाळेत मास्तर, आणि आर्णीजवळ आमचं थोडं वावर आहे. फुलांचे अगदी जवळून फोटो काढायचा नाद मला उतारवयात लागला. घरात त्याला 'बाबांचं खूळ' म्हणतात. त्यामुळे पोरीने हे मागितल्यावर मी असा फुगलो की विचारू नका.

चित्र डोक्यात पक्कं होतं. फुलाच्या आतला केसरांचा दांडा तेवढा लख्ख दिसावा, पाकळ्या कडेला विरघळत जाव्यात आणि मागचं वावर म्हणजे नुसता हिरवा रंग. ठरवायला काय जातं! लेन्स पूर्ण उघडून फुलाजवळ गेलं की स्पष्ट दिसणारी जागा तिळाएवढी उरते. त्या तिळात केसर बसले तर फोटो, नाहीतर पाकळीची कड झकास येते आणि केसरांचं पिठलं होतं. मी श्वास घेतला तरी फोकस सुटायचा. वारा तर पाचवीला पुजलेलाच.

त्यात हे फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. आजचं हुकलं की उद्या नवं फूल, नवा कोन, सगळं पहिल्यापासून. दसऱ्याच्या सुट्टीत मी रोज सकाळी कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात गुडघे टेकून बसत होतो. गुडघे मला शिव्या देत होते आणि मी वाऱ्याला.

एकदा मात्र सगळं जमून आलं. वारा पडला, केसर फोकसमध्ये आले, मी बटणावर बोट ठेवलं, आणि नेमके तेव्हाच शेजारच्या वावरातले काका मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खाली उतरले.

"काय मास्तर, अळी हाय काय?"

कपाशीच्या फुलात इतका वेळ डोकं खुपसून बसलेला माणूस गुलाबी बोंडअळीच शोधत असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अळी शिरलेलं फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं आवळून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. माझं फूल चांगलं उमललेलं होतं, तरी काकांनी मदत म्हणून ते खुडलं, पाकळ्या फाकवल्या आणि आत पाहिलं.

"नाई, साफ हाय," म्हणाले आणि फूल टाकून दिलं.

वर डोमकळ्या दिसल्या की तोडून घ्याच, असा सल्लाही दिला. मी मान हलवली. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी सोबत आली. तेव्हा ती नागपूरला नर्स होती आणि सुट्टीवर आली होती. झाडासमोर उकिडवी बसली आणि फुलाचं देठ तिने दोन बोटांत धरलं. फूल हलायचं थांबलं, पण आता तिची बोटं मध्ये येऊ लागली.

"हात काढ ना वं फ्रेममधून!"

"काढला त फूल हालते, बाबा."

"मंग खाली धर."

"खालीच त धरून राह्यली."

ऊन चढत होतं. मी खेकसत होतो आणि ती देठ धरून बसली होती. शेवटी एक फोटो आला. केसर असे की परागाचा कण न् कण दिसावा. खालच्या कोपऱ्यात मात्र तिच्या बोटांचा गव्हाळ, धूसर डाग राहिलाच. तो कापावा तर फुलाचीच पाकळी जात होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "कोणाले समजते?"

तिच्या आईने फोटो पाहिला. "अर्धं फूल त पुसूनच गेलं," म्हणाली. यावर आम्ही बापलेकी बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसलो.

यवतमाळच्या छापखान्यात फोटो द्यायला मी स्वतः गेलो. धूसर आहे ते मुद्दाम ठेवलंय, फुलाला हात लावू नका, असं पुन्हा पुन्हा बजावलं. दिवाळीनंतर पत्रिका आणायला गेलो. फुलाला खरोखरच हात लावलेला नव्हता. कोपरा मात्र नुसता हिरवागार.

"धब्बा होता सर तिथं, साफ करून देला," कॉम्प्युटरवर बसलेला माणूस शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाला.

"धब्बा नव्हता तो! माह्या पोरीची बोटं होती!"

दुकानातले सगळे वळून पाहू लागले. तो माणूस बिचारा गोंधळला. "मंग सर, बोटं कायले ठेवता पत्रिकेवर?"

ती बोटं फ्रेमबाहेर काढायला मीच तर जिवाचं रान केलं होतं. याने माझंच काम पुरं केलं होतं, आणि तरी मला त्याचाच राग आला होता. लग्न तोंडावर आलं होतं, पुन्हा छापायला वेळ नव्हता. गठ्ठे उचलले आणि एसटी स्टँडवर आलो.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची म्हणून मुलगी तिच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होती. खालच्या कोपऱ्याशी येऊन थांबली.

"गेली वाटते माही बोटं," एवढंच म्हणाली, आणि तिथेही कुंकू लावलं.

यंदा पऱ्हाटी पुन्हा फुलली आहे. मुलगी लातूरकडे, तिच्या घरी. मी सकाळी कॅमेरा घेऊन वावरात बसतो. फ्रेम अगदी स्वच्छ असते, कोपऱ्यात काहीही येत नाही. फूल मात्र हलत राहतं, आणि खेकसायला समोर कोणी नसतं.