जावईबापूंनी साफ केलेलं मशीन

जावयाने सासरी हुशारी दाखवू नये, निदान कॉम्प्युटरवर तरी. मी दाखवली.

माझ्या मामेसासऱ्यांची डहाणूला चिकूची वाडी आणि तलासरीत हायवेलगत पॅकिंगचं गोदाम. वाडीवरच्या जुन्या डबडा कॉम्प्युटरवर मी हौसेने बीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम घातलेली, गोदामातल्यावर लिनक्स, माझ्या पाठीवरच्या बॅगेत मॅक. तिघांच्या तीन तऱ्हा. मग तिन्हीकडे मी एकच पॅकेज मॅनेजर बसवला. कुठलंही सॉफ्टवेअर घालायचं असो की काढायचं, कमांड तीच. हे मी मामांना जेवताना इतक्या वेळा ऐकवलं, की ते ताटातून मान वर न करताच "वा, वा" म्हणायचे.

एका सकाळी गोदामात बसल्या बसल्या दिसलं, की तिथे छपाईचं सॉफ्टवेअर दोनदा आहे. एक माझ्या पॅकेज मॅनेजरचं, एक लिनक्सचं मूळचं. एका घरात दोन मिक्सर कशाला? मूळचं काढलं. त्याबरोबर आणखी काय काय जाईल ते स्क्रीनवर आलं होतं. न वाचताच 'हो' दाबलं. त्यात स्टिकरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅमच, गेला. माझ्या लाडक्या पॅकेज मॅनेजरकडे तो नव्हताच. परत उतरवायला नेट हवं, आणि गोदामातलं नेट सकाळपासून मेलेलं.

बाहेर ट्रक उभा. खोक्यावर स्टिकर नसला तर माल घेणारा व्यापारी ते उघडूनसुद्धा बघत नाही. स्टिकर काढणारी ताई बटण दाबून दाबून रडकुंडीला आली.

"काय हलवलंस गं?" मामा कडाडले.

"शेठ, मी काय पण नाय केलं. रोजच्यासारखंच दाबलं."

"मग भूत आलं का? जावईबापू समोर बसलेत, त्यांना विचारू?"

जावईबापू चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून तळाला गेलं. मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

शेवटी सगळ्यांनी मिळून मार्करने स्टिकर लिहिले आणि ट्रक एकदाचा निघाला. ताईला मात्र पंख्याखालच्या खुर्चीतून उठवून बाहेर चिकू निवडायला बसवलं.

डहाणूला परतताना गाडीत मामांना खरं काय ते सांगितलं. ते पोट धरून हसले. "असू दे हो! आता काय, कामावरच्या बायकांसमोर जावयाचं नाव काढू?" तिला परत आत बसवा, एवढं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "एसी जरा कमी करता?"

दुसऱ्या दिवशी नेट आलं, ड्रायव्हर परत घातला. पहिला स्टिकर सरकन बाहेर आला. आवाज ऐकून ताई दारात आली, हात चिकूच्या सालीवरच्या भुकटीने तपकिरी.

"चालू झालं? बरं झालं दादा, तुम्ही होते म्हणून."

खुर्चीत दुसरीच बसली होती. मी मान डोलावली.