तिला टोचलं होतं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर अमरावतीच्या राजापेठेत घर केलं, नातवंडांना प्रयोगशाळेतल्या गोष्टी सांगितल्या. ही तेवढी गाळली.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरी परमुलखात. एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एक विषाणू माकडांना होतो. लाल तोंडाच्या माकडांना त्यावरची लस द्यायची, मग तोच विषाणू टोचायचा आणि लस कोणाला तारते ते पाहायचं, असं आमचं काम. माकडं सांभाळायला मी अकोल्याहून एकाला नेलं होतं. फुलं विकणाऱ्या घरातला, मारुतीचा भक्त. सुई मी भरून द्यायचो, टोचायचा तो. माकडं त्याच्याच हाताला शांत राहत.

लस घेऊनही बाकीच्यांच्या रक्तात विषाणू वाढला. एका मादीत मात्र तो टिकलाच नाही. ती या अकोल्याच्या माणसाची लाडकी, आणि तिला टोचलं तेव्हा मी फोनसाठी बाहेर गेलो होतो.

माझ्या डोक्यात किडा शिरला. यानं सुई मोरीत रिकामी केली असणार. तो तिला फुटाणे देताना, पिंजरा धुताना मी दाराआडून पाहू लागलो. तो गुणगुणला तरी मला त्यात काही लपलेलं वाटे.

"मारुतीले टोचाले हात धजला नाई ना तुहा?" एकदा मी हसत विचारलं.

"टोचलं ना, साहेब. टोचलं अन् मंग पाया पडलो तिच्या."

पाया पडला, म्हणजे टोचलं नसणारच, असं मी धरून चाललो आणि वर कळवलं. चौकशीत मी त्याला शुद्ध मराठीत प्रश्न विचारले, 'तुम्ही' म्हणून.

"साहेब, माह्यासंगं असे काहून बोलून राहिले?"

त्याला घरी पाठवलं.

पुढे त्याच मादीच्या सख्ख्या बहिणीला लस दिली. विषाणू मी माझ्या हातानं टोचला. तीही तगली. दोघींचं रक्त तपासलं, तेव्हा शरीराला शत्रू ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा एक प्रकार दोघींत सापडला. बाकीच्यांत तो नव्हता. लस सगळ्यांना एकच होती, पण ती लागू पडली या दोघींनाच. त्याच्याबद्दल कोणी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

गेल्या वर्षी अकोल्याला गेलो. तो फुलांच्या दुकानात हार ओवत होता. मला पाहून त्याचा हात थांबला. नजर माझ्या तोंडावरून हातातल्या पिशवीवर गेली, तिथंच राहिली.

"आता काय राह्यलं, साहेब?"

"रुईची माळ दे," मी म्हणालो.

त्यानं ती कागदात बांधून पुढे सरकवली आणि पुन्हा ओवायला लागला. मी माळ घेऊन अमरावतीच्या गाडीत बसलो. जाताना वाटभर जे घोकलं होतं, तेच येतानाही ओठांवर होतं: माह्यं चुकलं, भाऊ. तू टोचलं होतं.