अर्धं रक्त

दवाखान्यातली ती सिस्टर डॉक्टरांनाही ‘काहून गा’ म्हणत एकेरीत जाब विचारते. माझ्या तान्ह्या पोरीची कावीळ वाढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सगळं रक्त बदलावं लागेल. मी सीताबर्डीच्या बाजारातला कापडवाला. म्हटलं, आज अर्धंच बदला, उद्या पाहू. सिस्टरनं मला दाराबाहेर काढलं आणि आत बायकोची संमती घेतली. पोरगी वाचली.

सिस्टर आता माझ्या दुकानात येते, दहा पातळं उलगडायला लावते आणि काही न घेता जाते. परवा मी भडकलोच. “बाप मी आहो. मले काहून नाही विचारलं?”

“विचारलंच होतं, भाऊ. तुम्ही घासाघीस करून राहिले होते. तुमचा सौदा पटेपर्यंत पोरगी थांबली नसती.”

तरी एकदा पुन्हा विचारायला हवं होतं. मी हो म्हणालो असतो. बहुतेक.